लंडनची रॉयल जिओग्राफिकल सोसायटी: वर्गणी भरावी का?

मराठी मंडळींकडून मला दोन प्रश्न नेहमी येतात. लंडन बघायला आलेले विचारतात, 'अल्बर्ट हॉलच्या शेजारचं ते लाल विटांचं घर आतून बघता येतं का?' आणि शिकायला किंवा नोकरीनिमित्त इकडे आलेले विचारतात, 'रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचं सभासद व्हावं का, की ते नुसतं नावापुढे अक्षरं लावण्यापुरतं आहे?' मी इंग्लंडमधल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. सोसायटी म्हणजे त्याच घरात असलेली भूगोलाची संस्था; मी तिची सभासद आहे आणि तिथल्या सोयी हक्काने वापरते. त्यामुळे एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

माझं मत आधीच सांगते. या संस्थेकडची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तिने सांभाळलेली नोंद. कोण कुठे गेलं, तिथे काय मोजलं, कशाने मोजलं आणि सोबत कोण होतं, याचे जवळजवळ दोनशे वर्षांचे कागद. व्याख्यानं चांगली असतात, शाळांसाठीचं साहित्य तर फारच चांगलं आहे, पण त्या सगळ्याच्या मुळाशी हे कागद आहेत. ते उघडून बघायची तयारी असेल तर वर्गणीचा पैसा न् पैसा वसूल होतो. तयारी नसेल तर फुकटातही पुष्कळ मिळतं, तेही पुढे सांगते.

इमारतीबद्दल फार लिहीत नाही. केन्सिंग्टन भागातलं लोथर लॉज नावाचं हे घर नॉर्मन शॉ या वास्तुविशारदाने १८७०च्या दशकात बांधलं आणि १९१३ पासून सोसायटी इथे आहे. भिंतीतल्या कोनाड्यांत दोन पुतळे आहेत. एक्झिबिशन रोडच्या बाजूला अंटार्क्टिकाच्या मोहिमा काढणारा शॅकलटन, हाइड पार्ककडे तोंड केलेल्या बाजूला आफ्रिकेत फिरलेला लिव्हिंगस्टन. बहुतेक पर्यटक या दोघांचे फोटो काढून पुढे नॅचरल हिस्ट्री म्युझियमकडे जातात. रस्त्याच्या बाजूला काचेचं छोटं दालन आहे, तिथे नकाशांची आणि छायाचित्रांची प्रदर्शनं भरतात. तुम्ही गेलात तेव्हा प्रदर्शन चालू असेल तर जरूर आत जा.

सोसायटी स्थापन झाली १८३० साली, राणी व्हिक्टोरियाची सनद मिळाली १८५९ साली. तेव्हापासून जमत गेलेल्या संग्रहात आज वीस लाखांहून अधिक वस्तू आहेत. त्यांतले निम्म्याच्या आसपास नुसते नकाशे. डार्विनने बीगल जहाजावर नेलेला खिशात मावणारा सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांचा कोन मोजायचं उपकरण) इथेच आहे. अशा वस्तू बघायला मिळाल्या की अंगावर काटा येतो हे खरं, पण मला स्वतःला ओढ लागते ती नकाशांची.

२००४ साली इथे फॉइल रीडिंग रूम उघडली आणि तोवर तज्ज्ञांपुरता राहिलेला संग्रह सर्वसामान्य वाचकाच्या हाती येऊ लागला. पद्धत सोपी आहे. काय बघायचंय ते सूचीत शोधून आधी कळवायचं, वेळ ठरवायची, पेन बाजूला ठेवून पेन्सिल घेऊन बसायचं. जाण्याआधी वेळा आणि नियम सोसायटीच्या संकेतस्थळावर तपासून घ्या.

पहिल्यांदा जाणार असाल तर एकोणिसाव्या शतकातला, कापडावर चिकटवलेला एखादा प्रवासी नकाशा मागवा. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे कागद आयताकृती तुकड्यांत कापायचे आणि तागाच्या कापडावर मध्ये बारीक फट सोडून चिकटवायचे. त्यामुळे घडी कापडावर पडते, कागद मोडत नाही. नकाशा घोड्यावर, होडीत, तंबूत शंभरदा उघडला-मिटला तरी टिकतो. समोर उलगडला की आधी त्या फटीच दिसतात. मग डोंगर दिसायला लागतात. समोच्च रेषांची सवय झालेल्या डोळ्यांना तिथे थोडं थांबावं लागतं, कारण डोंगर दाखवलेले असतात उताराच्या दिशेने ओढलेल्या बारीक रेघांनी. जितका चढ तीव्र, तितक्या रेघा दाट आणि काळ्या. उंचीचा आकडा एखाद्याच शिखरावर. नदी जाडसर काळ्या रेषेने येता येता एका जागी तुटक होते, आणि तिथून पुढे कुणी गेलेलं नाही हे लगेच कळतं. जिथे माहिती नाही ती जागा कोरी ठेवायची, ही शिस्त मला फार आवडते. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगत असते: मोजलं नसेल तर रेषा ओढू नका.

आता नैनसिंह रावत. मला वाटतं, मराठी वाचकाने इथे येऊन एकच गोष्ट वाचायची ठरवली तर ही वाचावी. कुमाऊँतल्या जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचे नैनसिंह शाळामास्तर होते. तिबेटमध्ये परक्यांना मज्जाव होता, म्हणून इंग्रजांच्या काळात भारताची मोजणी करणाऱ्या ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेने त्यांना मोजणी शिकवून यात्रेकरूच्या वेषात तिकडे धाडलं. १८६५-६६ मध्ये ते काठमांडूहून ल्हासाला पोचले आणि मानसरोवराच्या बाजूने परतले. सुमारे १,२०० मैलांचा हा प्रवास त्यांनी पावलं मोजत केला. माँटगोमेरी या अधिकाऱ्याने लिहिलेला त्याचा अहवाल सोसायटीच्या नियतकालिकात १८६८ साली छापून आला. तो अहवाल मी वर्गात वापरते, म्हणून त्यातले बारकावे मला पाठ झालेत.

जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. दर दहावा मणी मोठा, म्हणजे तो हाताला लागला की हजार पावलं झाली. अख्खी माळ फिरली की दहा हजार. पाऊल सरावाने असं बसवलेलं की दोन हजार पावलांचा एक मैल, म्हणजे माळेचा एक फेरा पाच मैलांचा. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींच्या चिठ्ठ्या. पारा कवड्यांमध्ये भरलेला. रात्री तो लाकडी वाडग्यात ओतायचा, त्याच्या सपाट पृष्ठभागात ताऱ्याचं प्रतिबिंब बघायचं आणि सेक्स्टंटने कोन मोजून अक्षांश काढायचा. पाणी किती तापमानाला उकळतं त्यावरून जागेची उंची काढायची, कारण जितकं उंच जाल तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं. ल्हासाचं स्थान आणि उंची जगाला पहिल्यांदा धडपणे कळली ती या मास्तरांच्या मोजणीतून.

या अहवालात त्यांचं नाव नाही. तिबेटमध्ये पुन्हा जायचं होतं, ओळख उघड झाली तर जिवावर बेतलं असतं, म्हणून छापलं नुसतं 'पंडित'. सोसायटीने त्यांना सोन्याचं घड्याळ दिलं. १८७४-७५ मध्ये ते लेहहून ल्हासामार्गे आसामपर्यंत गेले, आणि १८७७ साली सोसायटीने त्यांना आपलं सुवर्णपदक दिलं. ज्या यादीत लिव्हिंगस्टन आणि बर्टन यांच्यासारखे नावाजलेले प्रवासी आहेत त्याच यादीत जोहारचा एक शाळामास्तर आहे. मी शिक्षिका आहे, मला याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

वर्गात आम्ही तो प्रयोग करतो. मण्यांची माळ करायची, शाळेच्या मैदानाभोवती पावलं मोजत चालायचं, मग टेपने तेच अंतर मोजायचं. मुलांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तिथूनच धडा सुरू होतो. उंच मुलाचं पाऊल मोठं, चढावर सगळ्यांचंच लहान होतं, गप्पा मारत चाललं की मोजणी चुकते. मग एखादं पोर विचारतं, 'बाई, मग त्यांनी बर्फात कसं मोजलं?' कुठल्याही पाठ्यपुस्तकाने हा प्रश्न मुलांच्या तोंडून काढून दाखवलेला मी पाहिलेला नाही. जुन्या कागदाने दाखवला.

दुसरी गोष्ट नाशिकची आहे, आणि मला ती नाशिककरांनाही अनेकदा नव्याने सांगावी लागते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात आणलं जाई. त्यांच्यातल्या काहींना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूरला शिकवलं. जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक. तो पुढे लिव्हिंगस्टनच्या मदतीला गेलेल्या तांड्यात सामील झाला. १८७३ साली लिव्हिंगस्टन आज झांबियात असलेल्या चितांबोच्या गावी वारला, तेव्हा सोबत्यांनी त्याचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं आणि देह वाळवून हजार मैलांहून अधिक अंतर चालत किनाऱ्यापर्यंत आणला. वाचता-लिहिता येणाऱ्या वेनराइटने झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. या प्रवासाची रोजनिशीही त्याने लिहिली. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. खोडाचा तो कोरलेला भाग पुढे कापून लंडनला आणला, आणि तो आज सोसायटीच्या संग्रहात आहे.

बाहेर कोनाड्यात लिव्हिंगस्टनचा पुतळा, आणि आत शरणपूरला शिकलेल्या माणसाच्या हातची अक्षरं. ही अक्षरं कोरणाऱ्याची ओळख लोकांपुढे नीट मांडायला सोसायटीला फार वेळ लागला. २००७ साली इथे 'बॉम्बे आफ्रिकन्स' हे प्रदर्शन झालं, २००९ साली मोहिमांचा दडलेला इतिहास मांडणारं दुसरं. वाटाडे, दुभाषे, हमाल, मोजणीदार, स्वयंपाकी अशी माणसं याच संग्रहातल्या पत्रांतून, चित्रांतून, फोटोंतून शोधून काढली. फोटोच्या कडेला उभा असलेला 'एक स्थानिक' म्हणजे कोण, त्याचं गाव कोणतं, याची उत्तरं जिथे मिळाली तिथे मोठ्या अक्षरांत लिहिली. त्या प्रदर्शनांचं साहित्य पुढे शाळांपर्यंतही आलं. सोसायटीने अलीकडच्या काळात केलेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे असं मी म्हणेन. हे काम अजून खूप व्हायला हवं. हा आग्रह बाहेरच्यांनी, म्हणजे आपल्यासारख्यांनी, धरत राहायला हवा. तिथे बसलेल्यांना मोडी वाचता येत नाही. आपल्यातल्या काहींना येते.

जुने कागद आजच्या विज्ञानाला काय उपयोगाचे, असं वाटत असेल तर एव्हरेस्टचे फोटो बघा. १९२१ची पहिली पाहणी मोहीम सोसायटी आणि आल्पाइन क्लब ही गिर्यारोहकांची संस्था या दोघांनी मिळून काढली. त्या आणि नंतरच्या मोहिमांचे वीस हजारांहून अधिक फोटो इथे आहेत. त्या मोहिमेतल्या मॅलरी या गिर्यारोहकाने १९२१ मध्ये उत्तरेकडून टिपलेली रोंगबुक हिमनदी डेव्हिड ब्रेशियर्स या गिर्यारोहक छायाचित्रकाराने २००७ साली त्याच जागी उभं राहून पुन्हा टिपली. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की काही बोलावं लागत नाही. मधल्या काळात बर्फाची पातळी जवळजवळ शंभर मीटर खाली गेली. हे दोन फोटो मी फळ्यावर दाखवते तेव्हा वर्ग शांत होतो, आणि मग मुलं स्वतःहून खडक ओळखायला लागतात: 'हा तोच सुळका, पण इथे तर बर्फ होता.'

सोसायटीच्या सूचीत शोध घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. गावांची नावं आजच्या रूपात टाकून भागत नाही. पुणे, नाशिक, ठाणे, कोकण यांची इंग्रजांनी लिहिलेली जुनी रूपं, तीही दोन-तीन प्रकारांनी, टाकून बघावी लागतात. नदीच्या किंवा घाटाच्या नावाने शोधलं तर कधीकधी लवकर सापडतं.

शाळांसाठी सोसायटी काय करते हे मात्र इथे येऊन शिकवायला लागल्यावरच मला नीट कळलं. मुळात इंग्लंडात भूगोल हा विषय विद्यापीठात आला त्यात सोसायटीचा मोठा हात आहे. शाळांमधला भूगोल म्हणजे भूशिरं, खाड्या आणि राजधान्या पाठ करणं असं चालू असताना तिने जॉन स्कॉट केल्टी यांना पाहणी करायला सांगितलं. १८८५च्या त्यांच्या अहवालाने चित्र उघडं पडलं. मग सोसायटीने पैसे घालून ऑक्सफर्डमध्ये अध्यापकाची जागा निर्माण करवली, आणि १८८७ साली भूगोलतज्ज्ञ मॅकिंडर तिथे रुजू झाले. केंब्रिज मागोमाग आलं.

आज तिच्या संकेतस्थळावर शिक्षकांसाठी धडे, नकाशे, आकडेवारीचे सराव, तज्ज्ञांच्या मुलाखती असा मोठा साठा आहे. पुष्कळसा सगळ्यांना खुला आहे, काही सभासद शाळांपुरता. मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो क्षेत्रभेटीचा भाग. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीच्या पातळीला, भूगोल घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला निदान चार दिवस प्रत्यक्ष क्षेत्रात काम करावं लागतं, आणि स्वतःचा प्रश्न घेऊन ३,००० ते ४,००० शब्दांचा स्वतंत्र अभ्यास लिहावा लागतो. त्याला एकूण गुणांपैकी २० टक्के. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे प्रश्न ठरवणं, आणि त्यानंतरचा म्हणजे नमुना निवडणं. या दोन्हींवर सोसायटीची मार्गदर्शक टिपणं नेमकी आहेत. यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखा), पद्धतशीर (ठरावीक अंतराने), स्तरित (गटवार) नमुना केव्हा घ्यायचा, हे उगाच व्याख्या न पाजळता सांगितलेलं आहे.

माझ्या वर्गातली एक मुलगी नदीतले गोटे मोजत होती. वरून खाली येताना गोटे लहान आणि गुळगुळीत होत जातात, हे पुस्तकातलं तिला तपासायचं होतं. प्रत्येक ठिकाणी पाण्यात उभं राहायचं, न बघता बुटाच्या टोकाशी बोट टेकवायचं, पहिला लागेल तो गोटा उचलायचा आणि कॅलिपरने मधला अक्ष, म्हणजे ना सर्वांत लांब ना सर्वांत आखूड अशी बाजू, मोजायचा. न बघता का, तर बघून उचलला की हात नकळत छान, मुठीत मावणाऱ्या गोट्याकडेच जातो. एका ठिकाणी तिचे गोटे अचानक मोठे आणि टोकदार निघाले. तिला वाटलं सगळं बिघडलं. मी म्हटलं, आकडे तसेच ठेव, नकाशा बघ. त्या जागेच्या थोडं वर एक ओढा येऊन मिळत होता आणि तो आपला माल नुकताच आणून टाकत होता. तिच्या अभ्यासातलं सगळ्यात चांगलं पान त्यावरच झालं. अशा कामात शिक्षकाला पाठीशी भक्कम साहित्य लागतं, आणि ते इथे मिळतं. महाराष्ट्रातल्या भूगोलाच्या शिक्षकांनीही यातली खुली टिपणं उतरवून घ्यावीत. उदाहरणं ब्रिटनमधली आहेत, पण गोटे मोजायची रीत मुळा-मुठेला आणि टेम्सला वेगळी नाही.

व्याख्यानांबद्दल. सोमवारची संध्याकाळची व्याख्यानं ही सोसायटीची जुनी परंपरा आहे. ती सभासदांसाठी असतात, ओंडाटजी थिएटर नावाच्या मोठ्या सभागृहात होतात, आणि घरबसल्या बघायची सोयही असते. बोलणारा माणूस बहुधा स्वतः तिथे जाऊन आलेला असतो. वाळवंटातलं भूजल मोजणारा, शहरांतल्या उष्णतेवर काम करणारी, किंवा एकटीने सायकलवर खंड ओलांडलेली. यातली पहिली दोन प्रकारची व्याख्यानं मी चुकवत नाही. साहसाची व्याख्यानं रंगतात, टाळ्याही जास्त घेतात, पण कधीकधी सांगणाराच मोठा होतो आणि प्रदेश मागे राहतो. प्रश्नोत्तरांसाठी थांबा. श्रोत्यांत भूशास्त्रज्ञ, निवृत्त अधिकारी, त्या देशात वाढलेली माणसं असतात, आणि एखाद्या प्रश्नाने अख्खं व्याख्यान नव्याने उलगडतं.

क्षेत्रकामासाठी सोसायटी दरवर्षी अनुदानं देते. विद्यार्थ्यांना, शिक्षकांना, संशोधकांना, लहान गटांना. 'एक्सप्लोर' नावाचा त्यांचा मेळावा तर मोहीम आखणाऱ्याने एकदा तरी गाठावाच. परवाने, विमा, प्रथमोपचार, जोखमीचा अंदाज, स्थानिक सहकाऱ्यांशी कसं वागायचं, यावर तिथे अनुभवी माणसं मोकळेपणाने बोलतात. पूर्वी सोसायटी स्वतः मोठ्या मोहिमा काढायची. सारावाकमधलं मुलू १९७७-७८ मध्ये, काराकोरम १९८० मध्ये, ओमानमधली वहिबा वाळू १९८०च्या दशकाच्या मध्याला. त्या पुन्हा सुरू कराव्यात म्हणून काही फेलोंनी (वरच्या दर्जाच्या सभासदांनी) चळवळ केली आणि २००९ साली त्यावर मतदान झालं. ठराव पडला. मला तो निकाल पटतो. एका भव्य मोहिमेच्या पैशात कितीतरी तरुण माणसं आपापला प्रश्न घेऊन बाहेर पडू शकतात. मुलूच्या जंगलात शेकडो लोक जाऊन जे उभं राहिलं त्याचं मोल मी कमी लेखत नाही, पण तो काळ वेगळा होता.

आता खटकणाऱ्या गोष्टी. बायकांच्या बाबतीत या संस्थेचा इतिहास लाजिरवाणा आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. १८६० मध्ये हरवलेल्या पतीसाठी शोधमोहिमा काढणाऱ्या लेडी फ्रँकलिनला आणि १८६९ मध्ये भूगोलावर ग्रंथ लिहिणाऱ्या मेरी सॉमरव्हिलला सुवर्णपदक दिलं, पण सभासद होऊ दिलं नाही. १८९२-९३ मध्ये प्रवासलेखिका इझाबेला बर्डसह बावीस जणींना घेतलं, त्यावरून गदारोळ झाला आणि दार पुन्हा लावून घेतलं. विरोध करणाऱ्यांत पुढे भारताचे व्हाइसरॉय झालेले कर्झन आघाडीवर होते. तेच कर्झन अध्यक्ष असताना १९१३ साली ते दार कायमचं उघडलं. पहिली महिला अध्यक्ष यायला २०१२ उजाडलं: डेम जुडिथ रीस. पैशांच्या बाबतीतही असाच एक प्रसंग आहे. १९९५ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश जिओग्राफर्स ही प्राध्यापकांची संस्था सोसायटीत विलीन झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस नायजेरियात शेलच्या तेल काढण्यातून होणाऱ्या प्रदूषणाविरुद्ध लढणारे लेखक केन सारो-विवा यांना फाशी झाली, आणि सोसायटीला शेल कंपनीचं प्रायोजकत्व असल्यामुळे अनेक भूगोलज्ञांनी जाहीर विरोध केला, काहींनी संस्था सोडली. पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने पैसा कुणाचा घ्यावा, हे तेव्हा विचारणाऱ्यांचं बरोबर होतं असं माझं मत आहे.

आजच्या घडीची माझी तक्रार अशी की संस्था नावाने साऱ्या जगाच्या भूगोलाची, पण तिचा तोल अजून लंडनकडे आहे. सभासदत्वाचा पुरता लाभ सोमवारी संध्याकाळी केन्सिंग्टनला पोचू शकणाऱ्याला. इतर शहरांत शाखांचे कार्यक्रम होतात, ऑनलाइन बरंच मिळतं, तरी कागद हातात घेण्याची सर त्याला नाही. आणि ज्या देशांचे नकाशे इथे कपाटं भरून आहेत, तिथल्या वाचकांना त्यांच्या भाषेत निदान सूचीची ओळख करून द्यायला हवी. संशोधनाची नियतकालिकं उत्तम आहेत, 'जिओग्राफिकल जर्नल' तर १८९३ पासून त्या नावाने निघतंय, पण शिक्षकाला वाचायला सोपा असा प्रत्येक लेखाचा सारांश द्यायला काय हरकत आहे?

तर सभासद कुणी व्हावं? लंडनमध्ये किंवा जवळपास राहत असाल आणि नकाशांचं वेड असेल तर नक्की व्हा. साधं सभासदत्व कुणालाही घेता येतं. फेलो होण्यासाठी भूगोलाशी निगडित शिक्षण, काम किंवा दीर्घ आस्था दाखवावी लागते. भूगोलातली पदवी घेऊन जीआयएस (संगणकावरची नकाशा-प्रणाली), नगररचना, पूरव्यवस्थापन अशा क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी चार्टर्ड जिओग्राफर या मान्यतेचा विचार करावा. २००२ पासून ती दिली जाते, शिक्षकांनाही मिळते, आणि इथल्या नोकरीत तिला वजन आहे. विद्यार्थ्यांसाठी वेगळं सभासदत्व आहे. फक्त नावापुढे अक्षरं हवी असतील तर मी म्हणेन, पैसे जपून ठेवा आणि त्यातून एक चांगला ॲटलास घ्या.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी वर्गणी भरण्याची घाई करू नये. आधी संकेतस्थळावरचं खुलं साहित्य वापरून बघा. ब्रिटनमधल्या पायी सहलींसाठी केलेला 'डिस्कव्हरिंग ब्रिटन' हा फुकट संच तर मुद्दाम बघा. हा दगड इथे का, हे गाव नदीच्या याच वळणावर का वसलं, अशा प्रश्नांवर प्रत्येक वाट रचलेली आहे, आणि तसा संच सह्याद्रीसाठी करायला आपल्या ट्रेकर मंडळींना काहीच अवघड नाही. जुने कागद हवे असतील तर मुंबईत सोय आहे. लंडनच्या सोसायटीपाठोपाठ १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतही जिओग्राफिकल सोसायटी निघाली होती. तिचे कार्यवृत्तांत खंडाखंडांनी छापले जात. १८७३ साली ती रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत विलीन झाली, म्हणजे आजच्या टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत. तिथल्या ग्रंथपालांना त्या खंडांबद्दल विचारा.